'रोमिओ अँड ज्युलिएट'ची सुरुवात कशी वाचावी?

प्रश्न थोडक्यात असा. बी.ए.ला इंग्रजी साहित्य घेतलेल्या एका विद्यार्थिनीला शेक्सपिअरचं 'रोमिओ अँड ज्युलिएट' अभ्यासाला आहे. ती विचारते : प्रोलॉगमध्येच, म्हणजे नाटकाआधीच्या निवेदनातच, दोघं मरणार हे सांगून टाकलंय, मग पुढे वाचायची उत्सुकता राहणार कशी? पहिल्या प्रवेशात दोन नोकर काय बोलतात ते टीपा वाचूनही नीट कळत नाही, तर तो भाग सोडून थेट रोमिओ येतो तिथून वाचायला घेतलं तर चालेल का? आणि गाईडमध्ये प्रोलॉगवर 'नियती' एवढा एकच मुद्दा दिलाय. त्यापलीकडे काय लिहायचं?

मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीची दोन त्यातूनच निघतात. नोकरांचा भाग सोडू नका. या नाटकाची सुरुवात दोन तुकड्यांची आहे : चौदा ओळींचा प्रोलॉग आणि त्याला लागूनच सुरू होणारी रस्त्यावरची मारामारी. प्रोलॉगमध्ये ग्रहताऱ्यांची भाषा आहे. मारामारीत ग्रहताऱ्यांचा मागमूसही नाही. तिथे माणसं आहेत, ती पावलापावलाला काहीतरी ठरवतात, आणि दर वेळी त्यांना वेगळं ठरवता आलं असतं. एक तुकडा वाचून दुसरा टाकला की सगळं नाटक नशिबाच्या माथी मारून मोकळं होता येतं, आणि बहुतेक गाईडांनी तेच केलंय. दोन्ही तुकडे शेजारी ठेवून वाचा, म्हणजे तुम्हाला लिहायला इतकं सापडेल की पानं पुरणार नाहीत.

आधी प्रोलॉग घेऊ. तो बोलतो कोरस, म्हणजे एकच नट. शेक्सपिअरच्या काळचं सार्वजनिक नाट्यगृह वरून उघडं असे, प्रयोग दुपारी उजेडात होत आणि समोर पडदा नसे. दिवे मंद झाले, पडदा सरकला, आता गप्प बसा, अशी सोय तिथे नव्हती. रंगमंचाभोवती उभ्या असलेल्या गर्दीला एका माणसाने नुसत्या आवाजाने शांत करायचं होतं. शेवटच्या दोन ओळींत तो प्रेक्षकांकडे 'पेशंट इअर्स' मागतो, शांतपणे ऐकून घ्या म्हणतो, त्याला हा व्यवहारी अर्थही आहे.

या चौदा ओळी म्हणजे एक सॉनेट, ठरावीक यमकांची चौदा ओळींची कविता. यमकाची मांडणी चार-चार-चार-दोन अशी. ते नुसतं पाठ करून लिहू नका, प्रत्येक चौकडीत काय ठेवलंय ते बघा. पहिल्या चार ओळींत प्रेमिकांचा पत्ताच नाही. तिथे शहर आहे, दोन तोलामोलाची घराणी आहेत, जुनं वैर आहे आणि रक्ताने माखलेले नागरिकांचे हात आहेत. पाचव्या-सहाव्या ओळींत प्रेमिक येतात, तेही त्या दोन वैऱ्यांच्या पोटी जन्मलेले म्हणून, आणि आठव्या ओळीपर्यंत त्यांचा मृत्यूही होऊन जातो. तिसऱ्या चौकडीत प्रेम आणि वैर एकत्र बांधून 'हेच आता दोन तास आमच्या रंगमंचावर' असं सांगितलं जातं. म्हणजे प्रेमाची गोष्ट वैराच्या चौकटीत बसवलेली आहे, आणि ही चौकट ओळींच्या मांडणीतच दिसते.

आणखी एक गोष्ट तपासा. प्रोलॉगमध्ये विशेषनाम एकच आहे, व्हेरोना. रोमिओ नाही, ज्युलिएट नाही, मॉन्टेग्यू हे रोमिओचं घराणं नाही, कॅप्युलेट हे ज्युलिएटचं घराणंही नाही. 'दोन घराणी', 'दोन वैरी', 'प्रेमिकांची जोडी' एवढंच. माझ्या मते हे जाणूनबुजून आहे. प्रोलॉग हा शहराचा आवाज आहे, आणि शहराच्या लेखी ही दोघं अजून कुणीच नाहीत. नाटक संपतं ते मात्र 'ज्युलिएट अँड हर रोमिओ' या शब्दांवर. निनावी जोडीपासून या दोन नावांपर्यंतचा प्रवास म्हणजे नाटक, हा मुद्दा तुमच्या उत्तरात जरूर येऊ द्या.

आता शेवट आधीच सांगण्याबद्दल. ही गोष्ट शेक्सपिअरने रचलेली नाही. इटलीतल्या लुईजी दा पोर्तो आणि बांदेल्लो यांच्या कथांमधून ती फ्रेंचमध्ये गेली, आणि तिथून आर्थर ब्रुकने १५६२ साली इंग्रजीत तिचं दीर्घकाव्य केलं. शेक्सपिअरच्या डोळ्यांसमोर मुख्यतः हेच काव्य होतं. नाटक साधारण १५९५-९६चं धरलं जातं, तोवर हे काव्य लोकांच्या हातात येऊन तीस वर्षं उलटून गेली होती. दोघं मरतात हे बऱ्याच प्रेक्षकांना घरून निघतानाच ठाऊक असणार. ब्रुकनेही काव्याआधी गोष्टीचा सारांश सॉनेटातच दिला होता. शेवट आधी सांगणं ही काही शेक्सपिअरची नवी युक्ती नव्हे.

नवं आहे ते दुसरंच. ब्रुक आपल्या प्रस्तावनेत वाचकाला बजावतो की ही दोघं वासनेच्या आहारी गेली, आईबापांचं न ऐकता भलत्यासलत्यांच्या सल्ल्याने वागली आणि म्हणून त्यांची ही गत झाली. काव्यात मात्र त्याला त्यांच्याबद्दल बरीच सहानुभूती आहे, ते असो. शेक्सपिअरच्या चौदा ओळींत प्रेमिकांना दोष देणारा एकही शब्द नाही. 'पेरेंट्स' हा शब्द दोनदा येतो, एकदा 'स्ट्राइफ' म्हणजे भांडण या शब्दाबरोबर आणि एकदा 'रेज' म्हणजे राग या शब्दाबरोबर. आणि अकरावी ओळ तर सरळच सांगते की मुलांच्या मरणाखेरीज दुसऱ्या कशानेही हा राग गेला नसता. केवढा मोठा आरोप आहे हा! 'स्टार-क्रॉस्ड', म्हणजे ग्रहतारे आड आलेले, या एका शब्दावर पानभर लिहिणारे विद्यार्थी ही ओळ ओलांडून पुढे जातात. नियतीचे शब्द प्रोलॉगमध्ये आहेतच. 'फेटल', 'स्टार-क्रॉस्ड', 'डेथ-मार्क्ड' हे सगळं तिथे आहे आणि ते नाकारायचं नाही. पण वैराचे शब्द त्यांच्याइतकेच ठळक आहेत, आणि ते वैर कशामुळे सुरू झालं हे कोरस सांगत नाही. नाटकातलं दुसरंही कुणी शेवटपर्यंत सांगत नाही.

शेवट माहीत असल्यामुळे पाहण्याची जागा बदलते. 'काय होणार' हा प्रश्न मिटतो आणि 'कुठे चुकलं, कुणाच्या हातून' हा प्रश्न सुरू होतो. दुसऱ्या प्रवेशात कॅप्युलेटचा नोकर पाहुण्यांची यादी घेऊन निघतो, त्याला वाचता येत नाही, आणि तो नेमका रोमिओलाच यादी वाचून दाखवायला सांगतो. शेवट माहीत नसता तर हा गमतीचा प्रसंग होता. आपल्याला माहीत आहे म्हणून पोटात गोळा येतो. मेजवानीच्या रात्री ज्युलिएट म्हणते, त्याचं लग्न झालेलं असेल तर माझी कबर हीच माझी लग्नाची शेज. ती सहज बोलून जाते. आपण प्रोलॉग ऐकलेला असतो. तुमची उत्सुकता संपत नाही, उलट प्रत्येक साध्या वाक्याला धार येते.

आपल्याकडच्या वाचकाला इथे सूत्रधार आठवतो, आणि ते साहजिक आहे. संस्कृत नाटकात नांदीनंतर सूत्रधार येतो, नटीशी किंवा सोबत्याशी बोलतो, कवीचं आणि नाटकाचं नाव सांगतो आणि बोलता बोलता पहिल्या पात्राच्या प्रवेशाला वाट करून देतो. मराठी संगीत नाटकाने ही रीत अनेक वर्षं चालवली. कोरसचं बाह्यरूप त्याच्यासारखं आहे, पण काम वेगळं. सूत्रधार मंगल वातावरण उभं करतो. कोरस मृत्यूची वर्दी देतो. शिवाय हा कोरस दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला आणखी एक सॉनेट म्हणतो आणि मग नाटकातून नाहीसा होतो. शेवटचे शब्द व्हेरोनाच्या प्रिन्सच्या तोंडी आहेत. तुलना करायची तर फरकासाठी करा, नुसत्या साम्यावर थांबू नका.

तुमच्या हातातल्या पुस्तकात प्रोलॉग चौदा ओळींचा असेल, तो १५९९च्या दुसऱ्या क्वार्टोतला, म्हणजे नाटकाच्या सुट्या छापील आवृत्तीतला. १५९७च्या पहिल्या क्वार्टोत त्याच्या बाराच ओळी आहेत, आणि १६२३च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या एकत्रित आवृत्तीत, प्रोलॉग मुळी छापलेलाच नाही. परीक्षेला एवढं पुरे.

आता रस्त्यावर या. कॅप्युलेट घराण्याचे दोन नोकर, सॅम्पसन आणि ग्रेगरी, तलवारी आणि छोट्या ढाली घेऊन येतात. सॉनेटची घोटीव भाषा संपून एकदम गद्य सुरू होतं. पहिल्या चार वाक्यांत 'कोल्स', 'कॉलियर्स', 'कॉलर' म्हणजे संताप आणि 'कॉलर' म्हणजे गळ्याचा फास, अशी कोट्यांची साखळी आहे. विद्यार्थी इथे अडकतात, कारण प्रत्येक शब्दाची टीप वाचेपर्यंत गंमत निघून जाते. प्रयोगात हे सगळं काही सेकंदांत संपतं. म्हणून टीपा एकदा वाचा, पुस्तक मिटा, आणि मैत्रिणीला ग्रेगरी करून मोठ्याने म्हणा. सॅम्पसन बढाई मारतो आणि ग्रेगरी दर वेळी त्याच्या बढाईतली हवा काढतो, एवढं कानाला कळलं की भाग कळला. कोळसा उचलणं म्हणजे अपमान गिळणं. 'आम्ही कुणाचं ऐकून घेणार नाही' एवढाच त्याचा सूर.

पुढचा अश्लील भाग लाजून टाळू नका. वर्गात तो बहुतेक वेळा वगळला जातो, आणि माझ्या मते त्यामुळे मोठं नुकसान होतं. सॅम्पसन म्हणतो, पुरुषांशी लढेन आणि त्यांच्या बायका-पोरींना भिंतीशी दाबेन. यात विनोद आहे, पण काय आहे ते ओळखा : या शहरात वैर म्हणजे पुरुषार्थ आणि स्त्री म्हणजे त्या वैरातली लूट. प्रेमाच्या नाटकात स्त्री-पुरुष संबंधाबद्दलचं पहिलं बोलणं हे असं आहे. थोड्याच वेळात रोमिओ याच्या दुसऱ्या टोकाची भाषा बोलतो, पुस्तकी आणि उसाशांनी भरलेली. ज्युलिएट बोलायला लागते तेव्हा ती या दोन्हींपेक्षा किती सरळ बोलते हे जाणवायचं असेल, तर आधी सॅम्पसन ऐकलेला असावा लागतो.

याच संवादात ग्रेगरी एक वाक्य बोलतो : भांडण आपल्या मालकांचं आणि आपण त्यांची माणसं. त्याच्याखाली पेन्सिलने रेघ मारा. मॉन्टेग्यूंच्या घरचं कुत्रं दिसलं तरी माझं डोकं फिरतं, असं सॅम्पसन म्हणतो, पण का फिरतं हे त्यालाही माहीत नाही.

मग मॉन्टेग्यूंचे नोकर येतात आणि अंगठा चावण्याचा तो प्रसिद्ध प्रकार घडतो. समोरच्याकडे बघून अंगठा दाताखाली धरून सोडणं ही त्या काळची अपमानाची खूण. संवाद मराठीत साधारण असा होईल :

'आमच्याकडे बघून अंगठा चावता का, साहेब?'
'मी अंगठा चावतोय, साहेब.'
'आमच्याकडे बघून चावता का, साहेब?'
(ग्रेगरीला, हळूच) 'हो म्हटलं तर कायदा आपल्या बाजूने आहे का?'
'नाही.'
'नाही साहेब, तुमच्याकडे बघून नाही चावत, साहेब. पण अंगठा चावतोय, साहेब.'

जवळजवळ प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'सर' आहे. शिवी द्यायची आहे पण शिवी दिली असं सिद्ध होता कामा नये, म्हणून ही अदब. या चार माणसांना कायदा पक्का ठाऊक आहे. पहिला वार केल्याचं आपल्यावर येऊ नये आणि समोरच्याकडून मात्र तो करून घ्यावा, हा सगळा डाव आहे. प्रसंग इथेच विझूही शकला असता; दोन्हीकडचे मागे सरायला तयार दिसतात. सॅम्पसन म्हणतो, तुझ्या मालकाइतकाच माझा मालक चांगला. समोरचा एब्राम विचारतो, चांगला म्हणजे जास्त चांगला नाही ना? यावर सॅम्पसन गडबडतो. तेवढ्यात ग्रेगरीला आपल्या मालकाचा नातलग येताना दिसतो आणि तो सांगतो, 'म्हण, जास्त चांगला!' सॅम्पसन म्हणतो. एब्राम म्हणतो, 'खोटं बोलतोस.' तलवारी निघतात.

'खोटं बोलतोस' हे शब्द साधे नाहीत. प्रतिष्ठेच्या भांडणात कुणाला खोटं ठरवणं म्हणजे द्वंद्वाचं आव्हान, असा तेव्हाच्या उच्चभ्रू पुरुषांचा नियम होता. विन्चेंझो साव्हिओलो या इटालियन तलवारबाजाचं पुस्तक १५९५ साली लंडनमध्ये इंग्रजीत छापलं गेलं, त्यात तलवारबाजीबरोबर या नियमांचीही सविस्तर चर्चा आहे. इथे नोकर मालकांचे हे नियम अर्धेमुर्धे उचलून वापरतायत. आणि काय झालं तेव्हा ठिणगी पडली ते बघा : वरच्या माणसाची नजर पडली तेव्हा. नोकर आपल्या रागाने लढत नाहीत, मालकाच्या माणसाला दाखवायला लढतात. याला नियती कसं म्हणणार?

यापुढे एक कागद घ्या आणि रंगमंचावर कोण कोणत्या क्रमाने येतं, हातात काय घेऊन येतं, गद्यात बोलतं की पद्यात, आणि भांडण वाढवतं की थांबवतं, याची नोंद करा. क्रम असा दिसेल : नोकर, मग घराण्यांतले तरुण, मग गावकरी, मग दोन्ही घरांचे म्हातारे कर्ते, आणि सर्वांत शेवटी प्रिन्स. तळापासून शिखरापर्यंत अख्खं शहर काही मिनिटांत समोर येतं. हत्यारांवरूनही माणसं ओळखू येतात. नोकरांकडे तलवार-ढाल, जी १५९०च्या दशकात जुनाट होत चालली होती. कॅप्युलेटच्या बायकोचा भाचा टिबॉल्ट नव्या इटालियन पद्धतीने, पुस्तकातले डाव मोजून लढणारा, याची रोमिओचा मित्र मर्क्युशिओ पुढे टर उडवतो. म्हातारा कॅप्युलेट घरातल्या झग्यावरच बाहेर येऊन त्याहून जुनी लांब तलवार मागतो, आणि त्याची बायको म्हणते, तलवार कशाला, कुबडी मागा. गावकरी सोटे आणि भाले घेऊन धावतात आणि दोन्ही घराण्यांच्या नावाने ओरडतात. 'क्लब्ज!' ही तेव्हाच्या लंडनमधल्या शिकाऊ कामगारांची आरोळी होती. शहराचं नाव व्हेरोना, पण प्रेक्षकांच्या ओळखीचा रस्ता लंडनचाच.

रोमिओचा चुलतभाऊ बेनव्होलिओ तलवार काढतो ती भांडणं सोडवायला, पण काढतो. टिबॉल्टला तेवढं पुरतं. या प्रवेशात टिबॉल्टच्या वाट्याला पाचच ओळी आहेत आणि त्यातलं मुख्य वाक्य असं की शांतता हा शब्दच मला नरकासारखा वाटतो. पाच ओळींत अख्खा माणूस उभा केलाय. तिसऱ्या अंकात तो काय करेल याचं आश्चर्य वाटायला नको.

मॉन्टेग्यूची बायको इथे नवऱ्याला मागे ओढते, एक पाऊल पुढे टाकू देणार नाही म्हणते, आणि मारामारी निवल्यावर विचारते, रोमिओ कुठे आहे, तो या भांडणात नव्हता याचं मला बरं वाटतं. या तीन ओळींपलीकडे तिला सबंध नाटकात बोलणं नाही. शेवटच्या प्रवेशात मॉन्टेग्यू सांगतो की मुलाला हद्दपार केल्याच्या दुःखाने ती आज रात्री गेली. पहिल्यांदा वाचताना हे लक्षात येत नाही, पण सुरुवात शिकायची म्हणजे अशी माणसं हेरून ठेवायची.

प्रिन्सचं भाषण विद्यार्थ्यांना कंटाळवाणं वाटतं. मला ते नाटकाची कळ वाटते. त्याची सुरुवात बघा. दोन ओळी बोलून तो मध्येच थांबतो आणि म्हणतो, 'विल दे नॉट हिअर?' कुणी ऐकतच नाहीये. राज्यकर्ता आलाय आणि त्याला ओरडून लक्ष वेधावं लागतंय. मग तो सांगतो की असे दंगे तीनदा झाले, तेही पोकळ शब्दांवरून. वैराच्या कारणाबद्दल नाटकात मिळतं ते एवढंच. यानंतर प्रिन्स चौकशी करत नाही, सुरुवात कुणी केली ते विचारत नाही. पुन्हा रस्त्यावर शांतता मोडली तर जीव जाईल, असा हुकूम देऊन निघून जातो. दुसऱ्या प्रवेशाच्या पहिल्याच ओळीत कॅप्युलेट म्हणतो की मॉन्टेग्यू आणि मी दोघंही सारखेच बांधलेले आहोत, आणि आमच्या वयाच्या माणसांना शांतता राखणं काही अवघड नाही. म्हणजे वैर मिटवता आलं असतं याची कबुली कर्ता पुरुष स्वतः देतो, आणि तरी मिटवायला एक पाऊलही उचलत नाही.

हाच हुकूम तिसऱ्या अंकात रोमिओच्या मानेवर येतो आणि देहदंडाऐवजी हद्दपारी होते. त्या हद्दपारीतूनच झोपेचं औषध, न पोचलेलं पत्र आणि थडगं. आणि शेवटच्या प्रवेशात प्रिन्स म्हणतो की तुमच्या भांडणांकडे मी डोळेझाक केली म्हणून माझेही दोन नातलग गेले, सगळ्यांनाच शिक्षा झाली. 'सगळं ताऱ्यांनी केलं' असं तुमचं गाईड म्हणत असेल, तर हे वाक्य त्याच्यासमोर ठेवा. प्रिन्स नाटकात तीनदाच येतो, पहिल्या प्रवेशात, टिबॉल्ट मरतो तेव्हा आणि शेवटी. तिन्ही वेळा रस्त्यावर किंवा थडग्यापाशी तोच क्रम दिसतो : आधी रक्त, मग लोक, मग घराण्यांचे कर्ते आणि त्यांच्यासमोर उभा राहिलेला प्रिन्स.

मारामारी संपल्यावर प्रवेशाचा आवाजच बदलतो. रोमिओचे आईवडील आणि बेनव्होलिओ उरतात. सूर्य उगवायच्या आधी रोमिओ शहराच्या पश्चिमेला सिकॅमोरच्या राईत एकटा भटकताना दिसला, दिवस वर आला की घरात शिरून खिडक्या बंद करून कृत्रिम रात्र करून बसतो, असं कळतं. बाप म्हणतो, याचं कारण मला माहीत नाही आणि तो मला सांगत नाही. वैराच्या गोंगाटानंतर लगेच आलेलं हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. शेजारच्या घराशी कसं वागावं हे या बापाला कळत नाही आणि स्वतःच्या मुलाच्या मनातलंही कळत नाही. कॅप्युलेटच्या घरी पुढे हेच घडतं, फक्त जास्त क्रूरपणे.

रोमिओ येतो तेव्हा सकाळचे नऊ वाजलेत. हा रविवार. ब्रुकच्या काव्यात काही महिने चालणारी गोष्ट शेक्सपिअरने रविवार सकाळ ते गुरुवार पहाट एवढ्यात आणली. वहीत आतापासून वार मांडत जा, पुढे फार उपयोग होतो. रोमिओ उसासे टाकतो, मध्येच 'जेवायला कुठे जायचं?' विचारतो, मग रस्त्यावरच्या खुणा बघून म्हणतो, इथे काय झालं? सांगू नकोस, मी सगळं ऐकलंय. आणि मग विरोधी शब्दांच्या जोड्या : भांडणारं प्रेम, प्रेमळ द्वेष, शिशाचं पीस, थंड आग. सॉनेट लिहिणाऱ्यांची ही त्या दशकातली लोकप्रिय तऱ्हा होती. रोमिओ प्रेमात असण्यापेक्षा प्रेमाच्या भाषेत आहे, हे बहुतेक टीपांमध्ये असतं आणि ते बरोबरच आहे.

टीपांमध्ये सहसा नसतं ते हे. तो म्हणतो, इथे द्वेषाचं बरंच काही आहे, पण प्रेमाचं त्याहून जास्त. ज्या मुलीसाठी तो झुरतोय तिचं नाव या प्रवेशात येतच नाही. ते दुसऱ्या प्रवेशात, पाहुण्यांच्या यादीत कळतं : रोझलाइन, कॅप्युलेटची भाची. म्हणजे ज्युलिएट भेटायच्या आधीही रोमिओचं मन वैऱ्याच्याच घरात अडकलेलं होतं. हे समजल्यावर ती ओळ पुन्हा वाचा.

ज्युलिएटबद्दल पहिल्या प्रवेशात एक अक्षरही नाही. दुसऱ्या प्रवेशात बाप तिच्याबद्दल बोलतो, तेही नाव न घेता. अजून चौदा पूर्ण नाहीत, दोन उन्हाळे जाऊ देत, असं तिला मागणी घालणाऱ्या पॅरिसला सांगतो. ब्रुककडे ती सोळाची आहे, शेक्सपिअरने मुद्दाम लहान केली. नाव पहिल्यांदा ऐकू येतं ते तिसऱ्या प्रवेशात, दाईच्या हाकेत. एवढा वेळ थांबवून मग पाचव्या प्रवेशात दोघांना समोरासमोर आणलंय, आणि ते एकमेकांशी पहिल्यांदा बोलतात त्या चौदा ओळी मिळून एक सॉनेट होतं. प्रोलॉगचं सॉनेट एकट्या कोरसचं होतं. हे दोघांनी वाटून घेतलेलं. त्यातला पहिलाच विचार 'प्रोफेन' करण्याचा, पवित्र गोष्ट हाताने विटाळण्याचा आहे. हाच शब्द प्रिन्सने मारामारी करणाऱ्यांना वापरला होता. हात तेच आहेत, आता ते तलवारीवर नाहीत.

चित्रपट पाहायचा असेल तर पुस्तक एकदा वाचून झाल्यावर पाहा. झेफिरेल्लीच्या १९६८च्या चित्रपटात प्रोलॉग लॉरेन्स ऑलिव्हिएच्या आवाजात शहराच्या दृश्यावर येतो. बाझ लुहरमनच्या १९९६च्या चित्रपटात तो टीव्हीवरची निवेदिका बातमी म्हणून वाचते, आणि मारामारी पेट्रोल पंपावर होते. या दुसऱ्या चित्रपटात सॅम्पसन आणि ग्रेगरी मॉन्टेग्यूंच्या बाजूला गेलेत. मूळ नाटकात कुरापत कॅप्युलेटच्या नोकरांनी काढलेली आहे, त्यामुळे उत्तरपत्रिकेत चित्रपटाच्या आठवणीवर लिहू नका.

परीक्षेच्या उत्तरासाठी शेवटचं एक काम सांगतो. मारामारीनंतर मॉन्टेग्यू विचारतो तेव्हा बेनव्होलिओ घडलेली हकिगत सांगतो. ती आपण आत्ताच डोळ्यांनी पाहिलेली असते, त्यामुळे त्याची साक्ष ओळीओळीने तपासता येते, आणि ती खरी निघते. तिसऱ्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात प्रिन्स त्यालाच पुन्हा विचारतो. या वेळी तो टिबॉल्टचा राग सांगतो, रोमिओने केलेली मध्यस्थी सांगतो. टिबॉल्टला आधी डिवचून तलवार मर्क्युशिओने काढली होती, हे मात्र गाळतो. ज्युलिएटची आई तिथेच म्हणते की हा मॉन्टेग्यूंचा नातलग आहे, मायेपोटी खोटं बोलतोय. दोन्ही साक्षी समोरासमोर लिहून काढा. पहिल्या प्रवेशातला सर्वांत समंजस माणूस तिसऱ्या अंकापर्यंत एका बाजूचा कसा झाला, यावर तुमच्या स्वतःच्या इंग्रजीत, गाईड न उघडता, एक परिच्छेद लिहा.